स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

गौरी-गणपतीला चाकरमानी घरी आले, आरत्या आटोपल्या आणि पडवीत चटया पसरल्या, की दापोली तालुक्यातल्या घराघरांतून एक वाद हमखास सुरू होतो. थोरले म्हणतात, आमच्या वेळी शंभर रुपयांत महिना निघत असे आणि त्यातूनही चार पैसे गाठीला राहत. तुमच्या हातात पाचशेच्या नोटा असून पुरत नाहीत. धाकटे म्हणतात, तुम्हाला मॅट्रिक होताच कुठे ना कुठे चिकटवून घेतले. आम्ही पदवी घेऊन अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहोत. मग कोणीतरी सोन्याचा भाव काढतो. १९७० साली दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत मिळत होते, २०२५ साली त्याने लाखाचा आकडा ओलांडला. हे ऐकून दोन्ही बाजू सारख्याच हळहळतात आणि वाद तिथेच विझतो.

पण सोन्याच्या भावाने पिढ्या तोलता येत नाहीत. एखादी वस्तू केवढ्याला मिळत होती एवढे सांगून भागत नाही. ती घेण्यासाठी माणसाला किती दिवस राबावे लागत होते, हेही सांगावे लागते. आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की ज्या खर्चाची नोंद घरच्या वहीत कधी झालीच नाही, तो खर्च कोण सोसत होते? थोरल्यांच्या बोलण्यात हा प्रश्न येत नाही. धाकट्यांच्याही येत नाही. दापोलीपुरते बोलायचे तर सगळी गोम याच प्रश्नात आहे.

थोडे मागे जाऊ. १८७५ साली मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी गेला. पावसाचे दिवस, मधे सह्याद्री. लहानसहान सरकारी नोकरीचे दार त्या परीक्षेने उघडत असे. साताऱ्याला पोहोचल्यावर, हा दिसायला लहान आहे, याचे वय भरत नसणार, असे म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तसाच तो परत आला. हा मुलगा म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्या काळी तांदूळ स्वस्त होता यात शंका नाही. पण मुरूडच्या मुलाला नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोहोचायला घाट चढून जावे लागे, आणि तेही ज्याच्या घरी अक्षरओळख होती त्याला.

ज्यांच्या घरी ती नव्हती, किंवा असूनही चालत नव्हती, त्यांचे काय? दापोलीला इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेली कित्येक महार कुटुंबे या कॅम्पात वस्तीला होती. सुभेदार रामजी सकपाळ १८९४ च्या सुमारास इथेच येऊन राहिले. त्यांना पेन्शन होती महिना पन्नास रुपये. आजच्या थोरल्यांच्या हिशेबाने पन्नास रुपये म्हणजे राजाचे राज्य. पण रामजींना एवढ्या मोठ्या कुटुंबाचे त्यात भागेना. पुढे साताऱ्याला बांधकाम खात्यात कोठाराची नोकरी धरावी लागली. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव. याच सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. दापोलीतच राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. ज्या एका वाटेने बापाला पगार, शिक्षण आणि पेन्शन मिळाली, ती वाट मुलांच्या तोंडावर बंद झाली होती. पिढ्यांची तुलना करायची तर अशी दारे कोणासाठी कधी उघडली आणि कधी लागली, हे आधी पाहायला हवे.

खोतीचेही तसेच. खोत म्हणजे सुखवस्तू, असे आपण धरून चालतो. पालगडच्या साने घराण्याची खोती एका पिढीत कर्जात गेली आणि घरच्या हुशार मुलाला, म्हणजे साने गुरुजींना, शिकण्यासाठी दूर औंध संस्थान गाठावे लागले. आणि खोताखालचे कूळ तर पिकवलेल्यातले निम्मे वर देऊन उरलेल्यात जगत होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’ने कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लागण्याचा मार्ग मोकळा केला. आज ज्या तुकड्यांना गुंठ्यांचे भाव आले आहेत, त्यांतले पुष्कळसे तुकडे त्या वेळी कुळांच्या नावावर चढलेले आहेत. हे लक्षात ठेवू. पुढे लागणार आहे.

आता येतो तो काळ, ज्याच्या आठवणीने पडवीतले आजोबा हळवे होतात. गिरणीचा काळ. मुंबईच्या कापड गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा पहिल्यापासून आघाडीवर. हर्णैच्या किंवा दाभोळच्या बंदरातून बोट धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि परळ-लालबागला गावच्या खोलीत वळकटी टाकायची. या खोल्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगितले तर खरे वाटणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण. पाळी पहिली, दुसरी, तिसरी. त्यामुळे एकाच जागेवर तीन माणसे आळीपाळीने झोपत. ट्रंक भिंतीला, कपडे दोरीवर, जेवण खाणावळीत, तेही बहुधा एखाद्या गावाकडच्याच बाईच्या हातचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवलेली, म्हणून खोलीचे भाडे वाटून चिल्लरीत येई. नोकरीसुद्धा लगेच पक्की मिळत नसे. बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षे दाराशी उभे राहायचे, आणि कोणी गैरहजर असला तर त्या दिवसाचा रोज. ‘मॅट्रिक झालो आणि चिकटलो’ या वाक्यात ही वर्षे गाळलेली असतात.

तरीही घरी मनिऑर्डर जात होती, हे खरे. खालच्या कुपनावर चार ओळी, ‘पैसे मिळाल्याचे कळवणे, गाईला दाणे घालणे’. पोस्टमन वाडीत शिरला की बायका पदर सावरून पुढे येत. आणि त्या पैशात घर चाले, हेही खरे. पण कसे चाले?

गिरणीतला पगार हा एका माणसाचे पोट भरून थोडे उरेल एवढाच होता. त्याच्या बायकामुलांचा, म्हाताऱ्या आईबापांचा भार त्या पगारावर फारसा पडतच नव्हता. तो पडत होता गावावर, आणि गाव म्हणजे बहुधा त्याची बायको. पहाटे विहिरीवर, मग जात्यावर, मग मोळीला. उन्हाळ्यात कवळ तोडून राब भाजायचे, मृगात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी. भात सरले की नाचणी, वरी. कालवण म्हणून कुळीथ नाहीतर सुकट. पोर आजारी पडले तर काढा, आणि फारच झाले तर डोलीतून दापोलीला. नवरा आजारी पडून मुंबईहून परतला तर त्याची शुश्रूषा तीच करणार. संप झाला तर त्याला खाऊ तीच घालणार. या साऱ्याला कुठे पावती नव्हती. पाण्याचे बिल नाही, जळणाचे नाही, दळणाचे नाही, मुले सांभाळण्याचे नाही. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला आणि मजुराला संसार स्वस्त पडला, तो या बाईच्या जिवावर. शंभर रुपयांत महिना निघत होता, कारण निम्म्याहून अधिक काम फुकट होत होते.

आज त्याच घरात गॅसचे सिलिंडर आहे, नळाची पट्टी आहे, पिठाची गिरणी आहे, शाळेच्या रिक्षेचे पैसे आहेत आणि दवाखान्याचे तर आहेतच. थोरले याला महागाई म्हणतात. काही अंशी ती आहेच. पण बरीचशी ही जुन्या फुकट श्रमांची उशिरा आलेली बिले आहेत, आणि ती आली याचे मला तरी वाईट वाटत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत जात. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. ज्या आजी ‘आमच्या वेळी डॉक्टर लागत नव्हता’ म्हणतात, त्यांना मुले किती झाली आणि जगली किती, हे एकदा हळूच विचारून पाहावे. (मी विचारून पाहिले आहे. उत्तर देताना त्या बोटांवर मोजतात.)

मग १८ जानेवारी १९८२ आला. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेल्याचे कोणी जाहीर केलेच नाही. दापोली, खेड, मंडणगडच्या वाड्यांतून माणसे परत आली. ती उपाशी मेली नाहीत, याचे कारण भाताचे ते दोन-चार वाफे आणि ते कसणारी बाई. गावाने त्यांना झेलले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते आपण पाहतोच. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घरे ६,९२५, आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास. २०२० च्या सोडतीत २२५ चौरस फुटांच्या घराची किंमत होती साडेनऊ लाख. ज्यांच्या नावाने अर्ज, त्यांतले कित्येक तोवर भिंतीवरच्या फोटोत गेले होते.

संपानंतरची पिढी गिरणीकडे वळली नाही. ती शाळामास्तर झाली, एस. टी.त गेली, जिल्हा परिषदेत चिकटली. १९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आले, त्याने शिपायापासून प्राध्यापकापर्यंत कितीतरी घरे उभी केली. आखातात जाण्याची वाट खुली झाली तशी बंदरपट्टीतल्या मुसलमान वस्त्यांतून मनिऑर्डरऐवजी ड्राफ्ट येऊ लागले. दापोली तालुक्याच्या इतिहासात सामान्य घराला त्यातल्या त्यात बरे दिवस आले ते या पिढीला. आणि इथेच धाकट्यांच्या तक्रारीतही एक दुरुस्ती करावी लागते. पगार वाढलेच नाहीत, हे खोटे आहे. केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून ७५० रुपये ठरवले होते. सातव्याने २०१६ पासून ते १८,००० केले. बरोबर चोवीसपट. त्याच तीस वर्षांत सोने साधारण तेरापट झाले. म्हणजे जो आत होता, त्याने महागाईला मागे टाकले.

अडचण आहे ती दाराची. दार अरुंद झाले, आणि आत गेलेल्यालाही पूर्वीचे सगळे मिळेना. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. आधीचा मास्तर पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार घेत होता. नव्या मास्तरला तीन वर्षे मानधन. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे महिना सहा हजार होते, २०२३ पासून सोळा हजार झाले. त्यानंतर १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. त्या दिवसापासून पुढे राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. दापोलीत अशी घरे आहेत जिथे थोरला भाऊ या तारखेच्या अलीकडे लागला आणि धाकटा पलीकडे. शिक्षण तेच, काम तेच, शाळासुद्धा जवळजवळ तीच. एकाची म्हातारपणाची काळजी मिटलेली, दुसऱ्याची बाजारावर सोपवलेली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले ते याच कारणाने. नंतर सरकारने सुधारित योजनेचा पर्याय पुढे केला. ही तर एकाच पिढीतली दरी झाली. पिढ्यापिढ्यांतल्या दरीबद्दल आपण बोलतो, तेव्हा हे भाऊ विसरतो.

शिक्षणाचेही एक सांगायला हवे. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, त्यामुळे ज्यांच्या घरात कोणी कॉलेजचा उंबरा ओलांडला नव्हता अशी मुले इंजिनीअर झाली. हे मोठेच काम झाले. पण संधीला किंमत चिकटली आणि ती किंमत बापाच्या कर्जातून येऊ लागली. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. चांगले झाले. पण दापोलीची मुलगी पुण्याला शिकायला जाते तेव्हा फीइतकीच खोली आणि मेस जड जाते.

कोणी म्हणेल, गाव सोडताच कशाला? समुद्र आहे, आंबा आहे, पर्यटक आहेत. खरे आहे, मुरूड, कर्दे, लाडघर भागात ज्यांचे आगर किनाऱ्याला लागून होते, त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्यांचे बरे चालले आहे. सुवर्णदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याने गर्दी आणखी वाढेल. पण किनारा सर्वांच्या वाट्याला आलेला नाही. चार मैल आत डोंगराच्या कुशीतल्या वाडीतल्या मुलाला पर्यटन म्हणजे दुसऱ्याच्या लॉजवर चादरी बदलण्याचे काम. आंब्या-काजूने मात्र काही आतल्या वाड्यांनाही हात दिला. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि नाचणीपलीकडे काही न पिकवणाऱ्या वरकस जमिनीवर कलमे उभी राहिली. लावणाऱ्याने कलम लावताना मुलाचा विचार केला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि आंजर्ले, केळशी, मुरूडच्या पट्ट्यात माड-पोफळीची आगरे आडवी झाली. आतली कलमेही मुळासकट गेली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेले बापाने खाल्ले आणि नातवाला पुन्हा खड्डे खणण्यापासून सुरुवात करावी लागली. नुकसानभरपाई झाडामागे मोजतात, वर्षांमागे मोजत नाहीत.

तेव्हा माणसे जातच राहिली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हे प्रमाण २०११ च्या जनगणनेतले. मनिऑर्डर गेली, पण गिरणीच्या काळातले गाव अजून पूर्ण गेलेले नाही, असे हे आकडे सांगतात. फरक एवढाच, की आता तरुण सून मागे राहत नाही. ती नवऱ्याबरोबर जाते, आणि जावेच. राहते ती म्हातारी सासू.

आणि मग नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला खोली घ्यायची वेळ येते. आजोबा पंधराजणांत वळकटी टाकत होते; नातवाला बायको-मुलीसह राहायचे आहे, नळ आणि संडास आत हवा आहे. त्यात चैन काहीच नाही. बँक कर्ज देते, पण सुरुवातीची रक्कम कुठून आणायची? पगारातून साठवायची तर भाड्याने वर्षे खाल्लेली असतात. सोने आईचे, ते मुलाच्या शिक्षणात गेलेले. उरते ती कूळकायद्यात आलेली जमीन. दलाल दारात उभाच असतो, पुण्या-मुंबईच्या माणसाला बंगला बांधायचा असतो. व्यवहार होतो. या पिढीकडे जो काही पैसा दिसतो, त्यातला मोठा भाग हा असा आला आहे, आणि घरगुती वादात त्याचा उल्लेख होत नाही. थोरल्यांना वाटते पोरगा कमावतो. पोराला वाटते मी कमावले. जी जमीन संपात बापाला भात घालत होती, ती एकदा विकली की पुढच्या संपाला, पुढच्या टाळेबंदीला ती नसते. २०२० च्या टाळेबंदीत हजारो चाकरमानी पुन्हा गावाकडेच धावले होते. तेव्हा गावात उतरायला घर होते म्हणून.

माझ्या माहितीतल्या एका घरी सध्या हेच चालले आहे. गाव तालुक्याच्या आतल्या भागात. आजोबा गिरणीत होते, संपानंतर परतले, वारले. आजीही तीन वर्षांपूर्वी गेली. सातबाऱ्यावर आता चौदा नावे आहेत. त्यांत आजीचे नाव ती असताना कधी नव्हते, नवऱ्यामागेही वारस म्हणून चढवायचे राहून गेले. जमीन आजोबांच्या नावे होती, आणि तिच्यावर चाळीस पावसाळे लावणी केली ती आजीने. नातवाला खोलीसाठी पैसे हवेत, गिऱ्हाईक तयार आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, देशाने २००५ साली. त्यामुळे आत्यांची सही लागते. नेहमीप्रमाणे हक्कसोडपत्र टाईप करून आणले गेले. धाकट्या दोघींनी सह्या केल्या. भावाशी कशाला वाकडे घ्या, माहेर तुटेल, म्हणून.

थोरलीने केली नाही. ती चिपळूणला असते, नवरा एस. टी.तून निवृत्त झालेला. तिने भाच्याला सांगितले, “सही करीन, तुझे घर व्हायला हवे. पण आधी एक सांग. बाबा मुंबईला होते तेव्हा ही जमीन कसली कोणी? आईबरोबर मीच ना? सातवीतून शाळा सोडून मी चिखलात उतरले, म्हणून तुझा बाप शिकला. मग विकल्यावर माझा वाटा शून्य कसा?” भाच्याला उत्तर सुचले नाही. त्याचा बाप म्हणाला, त्या काळी सगळ्यांच्याच घरी तसे होते. आत्या म्हणाली, होते ना, मग आता मोजा.

गिऱ्हाईकाने दिवाळीपर्यंत थांबण्याची तयारी दाखवली आहे. नातू भाड्याच्याच खोलीत आहे. भात कापून झाल्यावर सगळ्यांनी पुन्हा एकदा बसायचे ठरले आहे, आणि या वेळी आत्याला पडवीत न बसवता माजघरात, हिशेबाच्या वहीपाशी बसवायचे, असे भाच्याच्या बायकोने सासऱ्यांना सांगून टाकले आहे.